दोन किलोमीटरसाठी काढलेली गाडी : गेंट शहराच्या वाहतूक आराखड्याचा प्रकरण अभ्यास

बेल्जियममधल्या गेंट शहरात ३ एप्रिल २०१७ पासून मोटारीने एका भागातून शेजारच्या भागात थेट जाता येईनासे झाले. रस्ते होते तिथेच होते. पादचारी क्षेत्र सोडले तर कुठल्याही घराच्या दारापर्यंत गाडी नेता येत होती. फक्त मधल्या ठरावीक जागांवर मोटारींना अडसर घातला होता. शेजारच्या भागात गाडीनेच जायचे तर आधी रिंगरोडवर यायचे, वळसा घालायचा आणि पुढच्या प्रवेशमार्गाने पुन्हा आत शिरायचे. पायी जाणारे, सायकलवाले, बस आणि ट्राम यांची सरळ वाट पूर्वीसारखीच मोकळी राहिली.

थोड्या अंतरासाठी गाडी काढण्याची सवय मोडावी म्हणून अनेक शहरांत फलक लागतात, गाडीविना दिवस पाळले जातात, शाळांमधून प्रबोधन होते. यातले काहीच वाया जात नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी घाईच्या वेळी हात पुन्हा गाडीच्या किल्लीकडेच जातो. गेंटने नकाशा बदलला. तो कसा बदलला, त्याआधी काय तयारी झाली आणि काय बिनसले, हे तपशिलात पाहू.

आराखड्याआधीचे शहर

गेंटची लोकसंख्या २०१७ मध्ये सुमारे दोन लाख साठ हजार होती. लाय आणि स्खेल्डे या नद्यांच्या संगमावर वसलेले हे जुने शहर आहे. अरुंद रस्ते, दगडी फरसबंदी, कालवे, पूल आणि मोठे विद्यापीठ. जुन्या शहराभोवती आर-४० नावाचा रिंगरोड आहे. त्याच्या आतले अंतर फार नाही. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सायकलने पंधरा मिनिटांत आरामात पोचता येते.

असा प्रयत्न गेंटमध्ये १९८७ सालीही झाला होता. व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे तो काही महिन्यांतच मागे घ्यावा लागला. १९९७ मध्ये शहराने पुन्हा पाऊल उचलले आणि मध्यभागातले सुमारे ३५ हेक्टर क्षेत्र पादचाऱ्यांसाठी राखून ठेवले. ते टिकले आणि लोकांना आवडलेही. पण त्याच आराखड्यात एक तडजोड होती. पादचारी क्षेत्राभोवती, शहराच्या आतूनच फिरणारा एक पार्किंग मार्ग आखला होता. एका वाहनतळात जागा नसेल तर फलक बघत चालकाने पुढच्या वाहनतळाकडे जावे, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात तो शहराच्या पोटातला दुसरा रिंगरोड झाला. एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला आर-४०पेक्षा तोच सोयीचा पडू लागला. गर्दीच्या वेळी आतल्या रस्त्यांवरच्या सुमारे ४० टक्के मोटारींना मध्यभागात काही कामच नव्हते. त्या फक्त आरपार जात होत्या.

या ४० टक्क्यांचा थोड्या अंतराच्या फेऱ्यांशी थेट संबंध आहे. आरपार जाणारी गाडी जिथून जाते, तोच रस्ता एखाद्या आईला मुलाला सायकलवर घेऊन शाळेत जायला लागतो. रहदारी वाढली की ती सायकल घरात ठेवते आणि दीड किलोमीटरसाठी गाडी काढते. म्हणजे रस्त्यावर आणखी एक गाडी, आणि शेजारच्या घरातल्या सायकलस्वाराला माघार घ्यायला आणखी एक कारण. हे चक्र तोडायचे तर आधी आरपार जाणारी वाहतूक बाहेर काढावी लागते. केवळ सायकल मार्ग रंगवून ते साधत नाही, कारण जुन्या शहराच्या रस्त्यांवर मोटारी आणि वेगळा सायकल मार्ग दोन्ही बसतील इतकी रुंदीच नसते.

गाडी का जिंकते

दोन किलोमीटरचा हिशेब मांडून पाहा. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने आठ मिनिटे घेते. शहरात गाडीचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला तर सहा मिनिटे. गाडी लावायला जागा शोधण्याची तीन मिनिटे आणि तिथून चालत जाण्याची दोन मिनिटे धरली की गाडी अकरा मिनिटांवर जाते. कागदावर सायकल जिंकलेली असते. पण चालक चालू गाडीतला वेळ मोजतो, जागा शोधण्यात गेलेला वेळ त्याच्या हिशेबात धरलेलाच नसतो. त्यात दोन्ही टोकांना फुकट जागा मिळत असेल तर गाडी खरोखरच जिंकते.

आता त्याच दोन ठिकाणांमधले गाडीचे अंतर वळशामुळे पाच किलोमीटर झाले असे समजा. रिंगरोडवर ताशी २५ किलोमीटर धरले तरी बारा मिनिटे चाकावरच जातात. हा वेळ चालकाला दिसतो, जाणवतो आणि निर्णय बदलतो. आरपार मार्ग बंद करण्यामागचे सगळे गणित एवढेच आहे. जो वीस किलोमीटरवरून येतो त्याला तीन किलोमीटर जास्त पडल्याने फारसा फरक पडत नाही; ज्याची फेरीच दोन किलोमीटरची आहे त्याचे अंतर दुपटीहून जास्त होते. म्हणजे ज्या फेऱ्या सहज पायी किंवा सायकलने होण्यासारख्या आहेत, नेमक्या त्यांच्यावरच हा उपाय लागू पडतो.

अशा फेऱ्यांच्या मागे लागण्याचे आणखी एक कारण इंजिनात आहे. पेट्रोल गाडीच्या धुराड्यातला, धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसला तापल्यावरच नीट काम करू लागतो. थंड गाडी सुरू केल्यावर पहिला एक-दोन किलोमीटर तो तापण्यातच जातो. दोन किलोमीटरची फेरी संपते तेव्हा कुठे गाडीची शुद्धीकरण यंत्रणा कामाला लागलेली असते. म्हणून दर किलोमीटरला सगळ्यात जास्त धूर याच फेऱ्या सोडतात, आणि तो घराखाली व शाळेसमोर सोडतात. फेऱ्यांची संख्याही किरकोळ नाही: युरोपातल्या मोटारफेऱ्यांपैकी ३० टक्के तीन किलोमीटरच्या आतल्या आणि ५० टक्के पाच किलोमीटरच्या आतल्या असतात, असे युरोपियन कमिशनच्या १९९९ च्या पुस्तिकेत नोंदवले आहे.

आराखडा

मूळ कल्पना नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराची. तिथे १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार भाग करून त्यांच्यामधली मोटारींची ये-जा बंद केली होती. गेंटने आर-४०च्या आतल्या शहराचे सहा भाग केले आणि मधोमध वाढवलेले पादचारी क्षेत्र ठेवले. प्रत्येक भागाला रिंगरोडवरून प्रवेश आणि रिंगरोडकडेच परतीची वाट. १९९७ चा आतला पार्किंग मार्ग रद्द झाला. भूमिगत वाहनतळ बंद केले नाहीत, मात्र प्रत्येक वाहनतळ आता एकाच भागाचा झाला. चुकीच्या प्रवेशमार्गाने आत आलेल्याला योग्य वाहनतळ गाठायला पुन्हा रिंगरोडवर जावे लागते. त्यामुळे रिंगरोडवरचे फलक हे या आराखड्याचे अर्धे काम करतात. कुठला प्रवेशमार्ग कुठल्या वाहनतळाकडे नेतो आणि तिथे किती जागा शिल्लक आहेत, हे चालकाला वळण्याआधी कळले पाहिजे. वळल्यानंतर कळून उपयोग नाही.

भागांच्या सीमांवर अडसर आहेत आणि भागाच्या आत अनेक रस्त्यांची एकेरी दिशा बदलली आहे. दिशा बदलण्याचे काम नकाशावर किरकोळ दिसते, पण सगळी कुशलता तिथेच लागते. सलग तीन रस्ते एकाच दिशेने एकेरी असतील तर त्यांची आरपार वाट तयार होते. मधल्या रस्त्याची दिशा उलटी केली की गाडी आत जाऊन वळसा घेत ज्या बाजूने आली त्याच बाजूला बाहेर पडते. खांब नको, कॅमेरा नको, दोन फलकांत काम होते. बेल्जियममध्ये एकेरी रस्त्यावर सायकलींना उलट दिशेने जाण्याची मुभा सर्रास असल्यामुळे सायकलस्वाराला यातला कुठलाही वळसा पडत नाही. ही मुभा नसेल तर एकेरीचे जाळे सायकलवाल्यालाही तितकेच फिरवते आणि उपायाचा जीवच जातो.

अडसर कुठल्या प्रकारचा घालायचा हे तिथून काय जायला हवे यावर ठरते. फक्त सायकली आणि पादचारी जात असतील तर खांब किंवा जड कुंड्या पुरतात. इथे मोजमापात चूक झाली की सगळे फसते. मोटारीची रुंदी आरसे सोडून साधारण १.७ ते १.९ मीटर असते. मालवाहू सायकल, तीनचाकी सायकल आणि व्हीलचेअर यांना न थांबता जायला दीड मीटर मोकळी जागा लागते. म्हणून दोन खांबांमधले अंतर १.५ मीटर ठेवतात. त्याहून कमी ठेवले तर ज्या कुटुंबाने मुलांसाठी मालवाहू सायकल घेतली त्यालाच आपण अडवतो. फार सैल ठेवले की लहान मोटारी घुसतात. एकामागे एक अशी दोन आडवी कुंपणे लावून सायकल नागमोडी न्यायला लावणारी रचना तर कुठेही करू नये. लांब सायकलींना ती पार करताच येत नाही. मधला एक खांब कुलूप काढून बाजूला घेता येईल असा ठेवावा आणि त्याची किल्ली अग्निशमन दलाकडे असावी.

चार रस्त्यांच्या चौकात तिरका अडसर फार उपयोगी पडतो. चौकाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत खांबांची रांग लावायची. मोटार सरळ जाऊ शकत नाही, पण वळून दुसऱ्या रस्त्याने बाहेर पडू शकते. त्यामुळे कुठलाच रस्ता बंद गल्ली होत नाही आणि कचऱ्याच्या गाडीला मागे मागे जावे लागत नाही. मोठे वाहन मागे घेताना चालकाला पाठीमागचे मूल दिसत नाही, म्हणून हा मुद्दा सोयीचा कमी आणि जिवाचा जास्त आहे.

ट्राम आणि बस जिथून जातात तिथे खांब चालत नाहीत. वर-खाली होणारे यांत्रिक खांब दिसायला छान असतात, पण खड्ड्यात पाणी व माती जाऊन बिघडतात, आणि बिघडलेला खांब वर राहिला तर बस अडते, खाली राहिला तर सगळेच जातात. अशा ठिकाणी गेंटने नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे लावले. परवानगीच्या यादीत नसलेली गाडी गेली की दंडाची नोटीस घरी येते. कॅमेऱ्याचा तोटा असा की तो गाडीला थांबवत नाही. नवखा चालक चूक करून मोकळा होतो आणि नोटीस आल्यावर चिडतो. म्हणून कॅमेऱ्याच्या अलीकडच्या चौकातच मोठा फलक हवा, रस्त्याच्या पृष्ठभागावर वेगळा रंग हवा, आणि चूक लक्षात आल्यावर गाडी वळवायला जागा हवी.

यादीत कोण

रहदारीचा नकाशा आखायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ अपवादांची यादी करायला ठेवावा. रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस, बस आणि टॅक्सी यांच्याबद्दल वाद नसतो. खरी कसोटी पुढच्यांची असते: घरी जाऊन सेवा देणाऱ्या परिचारिका, डॉक्टर, अपंग व्यक्ती आणि त्यांना नेणारे नातेवाईक, पादचारी क्षेत्रात राहणारे आणि तिथे स्वतःचे गॅरेज असलेले, लग्न, अंत्यविधी, घर बदलणे, बांधकाम. गेंटने पादचारी क्षेत्रासाठी परवान्यांची पद्धत ठेवली आणि मालाची चढउतार संध्याकाळी ६ ते सकाळी ११ या वेळेत बसवली.

यादी फार लांब झाली तर अडसर नावापुरता उरतो. फार आखूड झाली तर पहिल्याच आठवड्यात एखाद्या आजारी माणसाची अडचण होते आणि सगळा आराखडा निर्दय ठरतो. आमचे मत असे, की परवाना माणसाच्या गरजेला जोडावा, एका गाडीला जोडू नये. अपंग व्यक्तीला आज मुलगा नेतो, उद्या शेजारी नेतो. नंबरप्लेट त्याच दिवशी फोनवरून नोंदवता आली पाहिजे, आणि तातडीच्या प्रसंगी नंतरही नोंदवता आली पाहिजे.

एका रात्रीत झाले, पण आधीच्या पाच-सहा वर्षांवर

३ एप्रिलला सगळे अडसर एकदम लागू झाले. ही घाई नव्हती. एकच रस्ता बंद केला तर त्यावरची वाहतूक शेजारच्या रस्त्यावर जाते, तिथले लोक तक्रार करतात आणि महिनाभरात पहिला अडसरही निघतो. पूर्ण भाग एकदम बंद झाला की वाहतुकीला जायला शेजारची गल्लीच उरत नाही. तारीखही विचाराने निवडलेली होती: ईस्टरच्या शाळेच्या सुट्टीचा तो पहिला सोमवार. सुट्टीत रहदारी कमी असते, त्यामुळे चालकांना नवे मार्ग शिकायला दोन आठवडे मिळाले.

त्याआधीच पर्याय तयार होते, हे मात्र अनेकदा सांगायचे राहून जाते. कालव्याकाठचा फिसेरै हा रस्ता २०११ मध्ये सायकल रस्ता झाला. अशा रस्त्यावर मोटारींना येता येते, पण वेग ताशी ३० किलोमीटरपेक्षा जास्त नाही आणि पुढच्या सायकलला मागे टाकण्यास मनाई. रस्ता एकेरी असेल तर सायकलस्वार त्याची पूर्ण रुंदी वापरू शकतो, दुहेरी असेल तर उजवीकडची अर्धी. २०१३ पासून काही वस्त्यांनी उन्हाळ्यात काही आठवडे आपला रस्ता मोटारींशिवाय ठेवून पाहिला. गाड्या जवळच्या वाहनतळात, रस्त्यावर बाके आणि मुलांचे खेळ. शाळा भरताना आणि सुटताना साधारण अर्धा तास शाळेसमोरचा रस्ता हलत्या कुंपणाने बंद करण्याची पद्धत गेंटमध्ये त्याआधीच रुजू लागली होती. २०१५ मध्ये आर-४०च्या आत सगळीकडे ताशी ३० ची मर्यादा आली. सायकल दुरुस्ती, भाड्याने सायकल, सायकल पार्किंग यांसाठी महापालिकेशी संलग्न संस्था उभी राहिली. देगाज ही गाड्या वाटून वापरणाऱ्यांची संस्था तर १९९८ पासूनच शहरात आहे, आणि पार्तागो ही विजेवरच्या गाड्यांची सहकारी संस्था २०१५ मध्ये सुरू झाली. गाडी वाटून वापरण्याचे महत्त्व मोठे आहे. दारात स्वतःची गाडी उभी असली की तिचे पैसे आधीच भरलेले असतात, म्हणून ती छोट्या कामालाही निघते. तासावर पैसे मोजावे लागले की माणूस दोन किलोमीटरला आपोआप पायी निघतो.

आराखड्याबरोबर पादचारी क्षेत्रात चालण्याच्या वेगाने जाणारी छोटी मोफत विद्युत बस सुरू केली. वृद्धांना आणि सामान घेऊन येणाऱ्यांना शेवटच्या चारशे-पाचशे मीटरची चिंता असते. ही चिंता संख्येने लहान पण मनाने मोठी असते, आणि विरोधाच्या सभांमध्ये तीच सगळ्यात आधी पुढे येते.

काय बदलले

पहिल्या मूल्यमापनात रिंगरोडच्या आत गर्दीच्या वेळी मोटारींची संख्या १२ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. निवासी रस्त्यांवर हीच घट ५८ टक्के होती. सायकलींची संख्या २५ टक्क्यांनी वाढली, सार्वजनिक वाहतुकीचे प्रवासी ८ टक्क्यांनी. गेंटच्या रहिवाशांच्या प्रवासांत सायकलचा वाटा २०१२ मध्ये २२ टक्के होता, तो २०१९ पर्यंत ३५ टक्क्यांवर गेला. मोटारीचा वाटा ५५ वरून ३९ टक्क्यांवर आला. ३५ टक्के हे शहराचे २०३० सालचे उद्दिष्ट होते.

या आकड्यांतला १२ आणि ५८ मधला फरक सगळ्यात बोलका आहे. सगळ्या मोटारी नाहीशा झाल्या नाहीत. गल्ल्यांतून आरपार जाणाऱ्या मोटारी मुख्य रस्त्यांवर आणि रिंगरोडवर गेल्या, आणि त्यांतल्या काही फेऱ्या मोटारीने होणेच थांबले. लोकांना सायकलवर आणायला गल्ल्यांमधली शांतता कारणीभूत ठरली, एकूण घट नव्हे. ३५ टक्क्यांचे सगळे श्रेय मात्र एप्रिल २०१७ ला देऊ नये. २०१२ ते २०१९ या काळात ताशी ३० ची मर्यादा, सायकल रस्ते, पार्किंगचे नियम असे बरेच काही घडले, आणि सायकल आधीपासूनच वाढत होती.

काही फेऱ्या थांबल्या म्हणजे काय झाले, असा प्रश्न येतो. सॅली केर्न्स, स्टीफन ॲटकिन्स आणि फिल गुडविन या संशोधकांनी २००२ मध्ये अकरा देशांतली सत्तरहून अधिक उदाहरणे तपासली होती. मोटारींसाठीची जागा कमी केल्यावर निम्म्या उदाहरणांत परिसरातली वाहतूक सुमारे ११ टक्क्यांहून जास्त घटली होती, निम्म्यांत त्याहून कमी. लोक प्रवासाची वेळ बदलतात, दोन कामे एका फेरीत उरकतात, जवळचे दुकान निवडतात, किंवा पायी जातात. वाहतूक पाण्यासारखी नळी बदलून तितकीच वाहते, हे गृहीतक रस्त्यावर खरे ठरत नाही.

काय बिनसले

विरोध कडवा होता. महापौरांच्या कार्यकारी मंडळात तेव्हा वाहतूक खाते सांभाळणारे फिलिप वाटेऊ यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि पोलीस संरक्षण घ्यावे लागले. ऑक्टोबर २०१८ च्या निवडणुकीनंतर तेच पुन्हा त्या खात्यावर आले. १९८७ आणि २०१७ यांतला एक मोठा फरक वेळेचा आहे: या वेळी लोकांना मतदानाच्या आधी दीड वर्ष बदललेला रस्ता वापरून पाहता आला.

रस्त्यावरच्या अडचणी वेगळ्या. मोटारी कमी झाल्यावर गेंटमध्ये ट्रामचे रूळ हाच सायकलस्वाराचा सगळ्यात मोठा धोका उरतो. रुळाच्या खाचेत चाक शिरले की हँडल फिरत नाही आणि माणूस आडवा होतो. पाऊस पडल्यावर ओल्या लोखंडावरून टायर घसरतो. रूळ शक्य तितक्या काटकोनात, निदान ६० अंशांनी ओलांडता यावेत अशी सायकलची वाट वळवून द्यावी लागते. नव्या सायकलस्वारांना हे कोणी शिकवलेले नसते, म्हणून रस्त्यावर रंगवून दाखवावे लागते.

दुसरी अडचण सायकलींचीच. पादचारी क्षेत्रात सायकली वाढल्या की वृद्ध आणि दृष्टिहीन माणसांना त्यांचा त्रास होतो. सायकल आवाज करत नाही. सर्वांत गजबजलेल्या बाजारपेठेच्या रस्त्यांवर दुकानांच्या वेळात सायकल हातात धरून चालण्याचा नियम, आणि त्याला समांतर असा सायकलचा दुसरा मार्ग, या दोन्ही गोष्टी एकत्रच द्याव्या लागतात. नुसता नियम दिला तर तो पाळला जात नाही.

रिंगरोडच्या बाहेरच्या वस्त्यांची तक्रार सगळ्यात रास्त होती. आतले रस्ते शांत झाले, त्यांच्या वाट्याला मात्र वळसा घेणारी वाहतूक आली. डाम्पोर्टसारखे रिंगरोडवरचे मोठे चौक आधीच भरलेले होते.

हाच उपाय दुसरीकडे करायचा तर

कामाची सुरुवात मोजणीने करावी, आणि मोजणी आरपार वाहतुकीची असावी. निवडलेल्या भागाच्या प्रत्येक प्रवेशावर कॅमेरे लावून नंबरप्लेट जुळवाव्यात. भाग ओलांडायला चार मिनिटे लागत असतील आणि एखादी गाडी दहा मिनिटांच्या आत दुसऱ्या बाजूने बाहेर पडली तर ती आरपार. हा आकडा हातात असल्याशिवाय सभेत जाऊ नये. रहिवाशांना आपल्या दारावरून जाणाऱ्या किती गाड्या आपल्या नाहीत हे कळले की चर्चेचा सूरच बदलतो. सायकली आणि पादचारी हेही त्याच दिवशी मोजावेत. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळ्या घोळक्याने जाणाऱ्या सायकली कमी मोजतात, त्यामुळे सायकलींसाठी चित्रफीत किंवा माणूस हवा. मंगळवार ते गुरुवार, शाळा चालू असताना; आणि वर्षभराने पुन्हा त्याच महिन्यात.

एका भागाचा विस्तार साधारण एक किलोमीटरपर्यंत ठेवावा, म्हणजे आतल्या कुठल्याही घरापासून कडेच्या मुख्य रस्त्यावरचा बस थांबा चालत दहा मिनिटांच्या आत येतो. सीमा मुख्य रस्त्यांवर पडाव्यात. शाळा, दवाखाना आणि बाजार यांच्याकडे जाणारी पायवाट सीमेने तुटू नये.

पहिले सहा महिने कुंड्या, रंग आणि हलवता येणारे खांब वापरावेत. कुंड्या दोन माणसांना उचलता येणार नाहीत इतक्या जड, त्यांच्यावर परावर्तक पट्ट्या, आणि झाडे मुलाच्या डोक्यापेक्षा उंच नसावीत, नाहीतर चौकातले मूल चालकाला दिसत नाही. लागू करण्याआधी अग्निशमन दलाचा सर्वांत लांब बंब आणि कचऱ्याची गाडी प्रत्येक वळणावरून प्रत्यक्ष फिरवून पाहावी. आराखड्यातली वळणत्रिज्या बरोबर असली तरी कोपऱ्यावर उभ्या केलेल्या गाड्या तिथे दाखवलेल्या नसतात. दिशांमधले बदल मोबाइल नकाशांच्या कंपन्यांना काही आठवडे आधी द्यावेत, नाहीतर पहिल्या दिवशी प्रत्येक फोन चालकाला अडसरापाशी नेऊन सोडतो. पहिले दोन आठवडे प्रत्येक मोठ्या अडसरापाशी समजावून सांगणारा माणूस उभा हवा.

रस्त्याकडेला गाडी लावायची पाच मीटर लांबीची एक जागा काढली तर तिथे एक-एक मीटर अंतरावर उलट्या यू आकाराच्या पाच कमानी, म्हणजे दहा सायकली बसतात. त्या दुकानाच्या दारासमोर हव्यात. शंभर मीटर दूर असलेल्या कमानी रिकाम्या राहतात आणि सायकली दारातच पडून पादचाऱ्यांची वाट अडवतात. दोन कमानींएवढी जागा मालवाहू सायकलींसाठी मोकळी ठेवावी.

पहिल्या चार आठवड्यांतले आकडे जाहीर करू नयेत. त्या काळात चालक रस्ते शोधत असतात, रिंगरोड तुंबतो, आणि विरोधकांना हवा तो फोटो मिळतो. वाहतूक स्थिरावायला काही महिने लागतात. पण एखाद्या चौकात रोज गोंधळ होत असेल तर तिथला फलक किंवा सिग्नलची वेळ लगेच बदलावी. आराखड्याचा गाभा न हलवता कडा दुरुस्त करत राहणे यालाच पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त माणसे लागतात.

गेंटने नंतर हीच पद्धत रिंगरोडच्या बाहेर न्यायला घेतली. डाम्पोर्ट आणि औड-गेंटब्रुगे या वस्त्यांसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र आराखडा लागू झाला. तिथली अवस्था जुन्या शहरासारखी नाही. कामाची ठिकाणे लांब, सायकलवर न बसणारी माणसे जास्त, आणि शहरात यायचे तर आर-४० ओलांडावा लागतो. नदी-कालव्याच्या काठाने पुलांखालून जाणारे सायकल मार्ग जिथे झाले आहेत तिथे रिंगरोड न थांबता पार होतो. जिथे ते नाहीत तिथे सिग्नलवर थांबण्यातच दोन किलोमीटरच्या फेरीतला मोठा वेळ जातो, आणि मुलाला एकटे सायकलवर पाठवायला आईवडील धजत नाहीत. अशा वस्तीत अडसर घालण्याआधी रिंगरोड ओलांडण्याची एक सुरक्षित जागा आणि गर्दीच्या वेळी दर दहा मिनिटांनी येणारी बस आधी द्यावी लागते.